परभणीत स्वस्तातला टर्नटेबल लावून हेडफोनवर एलपी ऐकण्याच्या कामाच्या नोंदी

अण्णांच्या रेकॉर्डी कपाटात पडून होत्या. बहुतेक एचएमव्हीच्या, दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या एलपी, नाट्यगीतं, भावगीतं, थोडं शास्त्रीय. घरात स्पीकर लावून रात्री ऐकता येत नाही, लहान लेकरू आहे आणि शेजारची भिंत एकच, म्हणून ठरवलं की सगळं हेडफोनवरच करायचं. पंधरा हजाराच्या आसपास बसवायचं होतं. मराठीत याबद्दल सरळ लिहिलेलं काही सापडलं नाही म्हणून तारखेनुसार लिहून ठेवतोय, कोणाला करायचं असेल तर पैसे आणि वेळ वाचेल.

२ मार्च २०२५

संभाजीनगरला एका पोराकडून जुना बेल्टवाला टर्नटेबल घेतला, ५,५०० रुपये. ३३ आणि ४५ दोनच स्पीड, मागं वजन फिरवायचा आर्म (सुई धरणारा लांब हात), त्याच्या टोकाला कार्ट्रिज, म्हणजे सुईची हालचाल विजेत बदलणारा भाग, ऑडिओ टेक्निकाचं एटी ३६००एल. हे कार्ट्रिज स्वस्तातल्या कितीतरी टर्नटेबलला असतंय आणि त्याची सुई कधीही वेगळी मिळते, माझ्या दृष्टीनं तीच मोठी गोष्ट होती. घेताना हे बघितलं: प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) हातानं फिरवला तर घासतो का, आर्म डावी-उजवीकडं अडकतो का, बेल्टला भेगा आहेत का. सुईकडं फार बघितलं नाही, कारण जुन्या सुईवर भरवसा ठेवायचाच नसतो, नवी घ्यायची हे धरूनच किंमत ठरवायची.

तपोवननं परत आणला. रेल्वेत आणायचा तर प्लॅटर काढून वेगळा गुंडाळा, मागचं वजन काढून खिशात घाला, आर्म दोऱ्यानं बांधा आणि सुईचं टोपण लावा. एवढं केलं तर गर्दीच्या डब्यातही काही होत नाही.

५ मार्च

टर्नटेबलच्या आतच प्रीॲम्प (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) आहे, मागं फोनो आणि लाइन असं बटण आहे; फोनो म्हणजे कार्ट्रिजचा सिग्नल तसाच बाहेर, लाइन म्हणजे आतल्या प्रीॲम्पमधून. लाइनवर ठेवून कन्व्हर्टर पिननं थेट हेडफोन लावून बघितला. आवाज येतो, पण बारीक, आणि तबल्याचा डग्गा गायबच. खूप जण इथंच म्हणतात की रेकॉर्डचा आवाज असाच असतो. तसं नसतंय. लाइनचा आउटपुट दहा-वीस हजार ओहमच्या ॲम्पसाठी केलेला असतो आणि माझा हेडफोन ३२ ओहमचा. आउटपुटला बारका कपॅसिटर असतो, समजा १० मायक्रोफॅरडचा, तर ३२ ओहमला तो ५०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायला लागतो. मध्ये हेडफोन ॲम्प लागतोच, त्याला दुसरा पर्याय नाही.

११ मार्च

चार हेडफोन लावता येतील असला छोटा हेडफोन ॲम्प मागवला, २,२०० रुपये, प्रत्येकाला वेगळं व्हॉल्यूम. एकाचा यापेक्षा स्वस्त मिळाला असता पण अण्णांना सोबत ऐकता यावं म्हणून हा. डग्गा आला! आवाज भरून आला, पण त्यासोबत गाण्यामागं सूंऽऽ असा सतत हिस आणि त्यात मोटरची बारीक शिट्टी. स्पीकरवर हे कळलं नसतं, हेडफोनमध्ये मात्र काहीच लपत नाही. गाणं थांबलं की उरतं ते ऐकू येतं, आणि आलापाच्या मधल्या जागेत तर तेच ऐकू येतं.

शिट्टीचं कारण: मोटर आणि आतला प्रीॲम्प एकाच १२ व्होल्टवर चालतात. आतलं सर्किट उघडून सुधारत बसण्यापेक्षा बाहेरचा प्रीॲम्प घ्यायचा ठरवला. तो येईपर्यंत बाकीची कामं.

१६ मार्च

सुईचं वजन. ०.०१ ग्रॅमचा खिशातला डिजिटल काटा घेतला, ४५० रुपये. काटा खरा दाखवतो का हे बघायला २०११ नंतरच्या नव्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ठेवलं, ते ३.७९ ग्रॅमचं असतं, आणि पाच रुपयाचं ६ ग्रॅम. दोन्ही बरोबर आले म्हणजे काटा चांगला.

मग सुई ठेवली तर ४.६ ग्रॅम. या कार्ट्रिजला २.५ ते ३.५ पाहिजे. आधीच्या मालकानं रेकॉर्ड उडी मारते म्हणून वजन पुढं ढकलत नेलं असणार, पुष्कळ जण तेच करतात, आणि त्यानं सुईचा दांडा बसून जातो. टॉर्च लावून बाजूनं बघितलं तर रेकॉर्ड जरा वाकडी असली की कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायलं होतं. नवी सुई बसवली, १,६०० रुपये, वजन बरोबर ३ ग्रॅम.

काट्याबद्दल एक लक्षात ठेवा. काट्याचं ताट रेकॉर्डपेक्षा उंच असेल तर आर्म वर तिरका राहतो आणि आकडा चुकतो. मी प्लॅटर काढून काटा त्याच उंचीला येईल असा पुठ्ठ्यावर बसवला. आणि ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढतं, म्हणून ताटावर प्लॅस्टिकचा जाड तुकडा ठेवून आधी काटा शून्य करायचा.

२० मार्च

कार्ट्रिज सरळ बसवायचा कागद, प्रोट्रॅक्टर, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. त्याच्यावर १०० मिलिमीटरची रेघ असते, पट्टीनं मोजली तर ९७ भरली. प्रिंटर पानात बसवण्यासाठी आपोआप लहान करतो. दुकानदाराला 'ॲक्च्युअल साइज'वर काढायला सांगायचं आणि तिथंच पट्टीनं मोजून घ्यायचं. दुसरा कागद बरोबर आला. त्यावरचे दोन बिंदू मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर असतात, दोन्हीकडं कार्ट्रिज चौकटीला समांतर दिसलं पाहिजे. स्क्रू सैल करून केसभर मागं-पुढं करत करत संध्याकाळ गेली.

फायदा कुठं झाला तर रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात. आधी 'स' आणि 'श' फाटायचे. पूर्ण गेलेलं नाही, आणि जाणारही नाही, कारण कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलजवळ फक्त २१. तेवढ्या जागेत तेच बारकावे दाटीनं कोरलेले असतात आणि ही सुई गोल टोकाची आहे. लांबट टोकाची सुई यापेक्षा चांगलं वाचते, पण तिची किंमत माझ्या टर्नटेबलएवढी.

२९ मार्च

स्पीड. लेबलवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि फोनचं स्टॉपवॉच लावून १०० फेरे मोजले. ३३⅓ ला बरोबर १८० सेकंद लागले पाहिजेत, माझे १७६ लागले, म्हणजे सव्वादोन टक्के जोरात. ऐकायला गायक जरा उतावळा वाटतो एवढंच, पण तानपुरा ऐकणाऱ्याच्या कानाला ते खटकतं. घरच्या पेटीला लावून तपासू नका, गाणाऱ्याची पट्टी कुठली होती ते आपल्याला माहीत नसतं.

मोटरच्या बुडाला दोन बारीक भोकं आहेत, आत स्पीडचे स्क्रू, एक ३३ चा एक ४५ चा. घड्याळवाल्याचा पेचकस लागतो. अगदी थोडं फिरवायचं, परत मोजायचं. मोजताना सुई रेकॉर्डवर ठेवूनच मोजा, तिच्या ओझ्यानं थोडा फरक पडतो.

स्ट्रोबची चकती पण छापली, ५० हर्ट्झसाठी १८० रेघांची; विजेच्या दिव्याच्या लुकलुकीत स्पीड बरोबर असेल तर तिच्या रेघा थांबलेल्या दिसतात. बैठकीतल्या एलईडी बल्बखाली ती काहीच दाखवेना, नुसतं करडं दिसायचं. चांगल्या एलईडीत लुकलुक नसते म्हणून. अण्णांच्या खोलीत जुनी चोकवाली ट्यूब आहे, टर्नटेबल तिथं नेला आणि चकती फिरवली तर रेघा आधी हळूहळू पुढं सरकायल्या, स्क्रू फिरवत गेलो तशा मंद झाल्या आणि एका जागी थांबल्या. प्लॅटर फिरतोय आणि रेघा जागच्या जागी, हे अण्णा खुर्ची जवळ घेऊन बराच वेळ बघत बसले.

अजून एक. स्पीड बरोबर असूनही एका रेकॉर्डमध्ये सूर झोके घेतो, दर १.८ सेकंदाला एक झोका. तो मोटरचा दोष नाही, रेकॉर्डचं भोक मधोमध नाही. एक फेरा १.८ सेकंदाचा असतो त्यावरून ओळखायचं, नाहीतर माणूस उगाच बेल्ट बदलत बसतो.

६ एप्रिल

बाहेरचा प्रीॲम्प आला, २,८०० रुपये, तारा ६०० च्या. टर्नटेबलचं बटण फोनोवर केलं. हिस गेला, मोटरची शिट्टी गेली, आणि त्यांच्या जागी हम आला. घूंऽऽ असा जाड, सतत, सुई उचललेली असली तरी.

हमचं काम धीरानं करावं लागतं, म्हणून क्रमानं लिहितो. कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम अडीच मिलिव्होल्ट, प्रीॲम्प ते शंभरपट वाढवतो आणि रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज परत वर आणायचा असतो म्हणून खालच्या सुरांना त्याहूनही जास्त उचलतो. विजेचा ५० हर्ट्झ नेमका त्याच खालच्या भागात बसतो. त्यामुळं जरा कुठं शिरला की कानात घूं.

आधी अडॅप्टर. हेडफोन ॲम्पचा अडॅप्टर जड, ट्रान्सफॉर्मरचा, आणि तो टर्नटेबलच्या उजव्या बाजूला आर्मच्या खालीच बोर्डात लावलेला. एक्स्टेन्शन घेऊन दोन-अडीच फूट लांब नेला. भुणभुणीतला कर्कश भाग गेला, जाड भाग राहिला.

मग तारा. जाडजूड नव्या तारा घातल्या, काही फरक नाही. तारांवर पैसे घालायच्या आधी पुढचं वाचा.

मग ग्राउंड. टर्नटेबलच्या मागच्या स्क्रूपासून प्रीॲम्पच्या स्क्रूपर्यंत वायर घातली, थोडं कमी झालं. हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं त्या भागाच्या) धातूला बोट लावलं की हम वाढायचा, प्रीॲम्पच्या डब्याला हात लावला की कमी व्हायचा. म्हणजे या सगळ्या साखळीला जमीनच मिळत नव्हती. सगळे अडॅप्टर दोन पिनांचे, अर्थिंग कुठंच नाही. म्हणून प्रीॲम्पच्या स्क्रूपासून घरच्या तीन पिनी बोर्डाच्या अर्थला जोड द्यायची ठरवली. वायरमन काकांनी तीन पिनी टॉप आणला आणि त्यात फक्त वरच्या जाड पिनेला वायर लावली, बाकी दोन पिना रिकाम्या. हे स्वतः करू नका, वायर चुकून दुसऱ्या पिनेला लागली तर हेडफोन डोक्यावर असताना शॉक.

टॉप लावला आणि हम तसाच.

१३ एप्रिल

वायरमन काका परत आले. १०० चा बल्ब होल्डरला लावून त्यांनी आधी फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. मग फेज आणि अर्थमध्ये धरला, तर आतली तार नुसती लालसर झाली. ते म्हणाले, "भाऊ, अर्थिंगच नाही इथं. वायर नुसती नावाला लटकायली." ही तपासणी वायरमननंच करायची असते, आणि घरात आरसीसीबी (वीज गळाली की लाईट तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताच ट्रिप होतो.

मोरीच्या मागं खड्डा आहे, घर बांधतानाचा, त्यावरचं सिमेंटचं झाकण काढलं. आतल्या पाईपचा क्लॅम्प गंजून पापुद्रे निघत होते, वायर त्याला टेकलेली होती, धरलेली नव्हती. आणि माती. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात अशी आवळते की पाईपच्या चारी बाजूंनी बोटभर फट पडलेली, पाईप मातीला चिकटलेलाच नाही. पावसाळ्यात हीच माती फुगून पाईपला मिठी मारते, म्हणून जुलैमध्ये कोणाला काही कळत नाही आणि एप्रिलमध्ये सगळं बिघडतं.

पाईप घासून पांढरा केला, नवा क्लॅम्प, नवी जीआय वायर, खड्डा मोकळा करून कोळसा आणि जाडं मीठ थरांनी भरलं आणि बादल्या ओतल्या. मजुरी धरून १,४०० रुपये. परत बल्ब धरला, लख्ख.

हेडफोन लावला. व्हॉल्यूम मी ऐकतो त्याच्या दुप्पट केलं तेव्हा कुठं अगदी तळाशी काहीतरी जाणवलं. तानपुऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, आणि गायकानं सूर लावायच्या आधी घेतलेला श्वास. अण्णांनी ही रेकॉर्ड चाळीस वर्षं रेडिओग्रामवर ऐकलेली, ते म्हणाले हा श्वास मी कधी ऐकलाच नव्हता.

आणि फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या त्याही गेल्या. हेडफोनचं सोडा, घरात लेकरं असतील तर एवढ्यासाठी तरी अर्थिंग बघून घ्या. माझ्या अख्ख्या सेटअपमध्ये सगळ्यात मोलाचे पैसे हे १,४०० आहेत असं मला मनापासून वाटतं.

२० एप्रिल

धुणं. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं आहे की बादलीला पांढरी कड धरते. त्या पाण्यानं एक खराब झालेली रेकॉर्ड धुऊन बघितली, वाळल्यावर खाचांवर पांढुरकी झाक आणि आधीपेक्षा जास्त कडकड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. एक लिटरला शंभर-सव्वाशे मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, साध्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. मखमलीच्या पट्टीनं खाचांच्या दिशेनं, गोल गोल. मग नुसत्या डिस्टिल्डनं एकदा, आणि पंख्याखाली सावलीत वाळवायची. पाणी, अल्कोहोल, मखमल मिळून ४८०.

घरात उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, ते खाचेत बसतं. आणि ७८ च्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डींना अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते. त्या तशाही या टर्नटेबलवर वाजणार नाहीत, स्पीड नाही आणि त्यांची खाच या सुईच्या मानानं कितीतरी रुंद असते, सुई तळाला जाऊन नुसती घासत राहते. आमच्याकडच्या लाखेच्या रेकॉर्डी कोरड्या ब्रशनं पुसून परत कपाटात ठेवल्या.

२७ एप्रिल

धुतल्यावरही भावगीतांच्या जुन्या रेकॉर्डीत कडकड राहिली, आणि हेडफोनमध्ये ती डाव्या कानात एक, उजव्यात दोन अशी उड्या मारते, गाणारी मात्र मध्ये. याला धुण्यानं नाही, मोनोनं गुण आला. लेबलवर मोनो लिहिलेलं असेल तर गाणं खाचेच्या फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत नुसता कचरा. डावं-उजवं एकत्र केलं की उभं एकमेकांना खोडतं आणि गाणं राहतं.

प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत बटण बसवलं, १ किलोओहमचे दोन रेझिस्टर, डाव्या-उजव्याला एकेक, आणि त्यांची पुढची टोकं जोडली. प्रीॲम्प आणि हेडफोन ॲम्पच्या मध्ये ही डबी. रेझिस्टर न घालता दोन तारा थेट जोडू नका, दोन्ही चॅनल एकमेकांवर जोर लावतात. १४० रुपये लागले. बटण दाबलं की कडकड निम्म्याहून कमी होते आणि उरलेली मधोमध येते, मग कान तिच्याकडं लक्ष देत नाही. जुन्या मराठी रेकॉर्डी ऐकणाऱ्यानं महागडा हेडफोन घ्यायच्या आधी ही डबी करावी.

८ मे

लाईट जाण्याचे दिवस. इन्व्हर्टरवर गेलं की हेडफोनमध्ये कर्रर्र असा वेगळाच आवाज. आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यातून ५० हर्ट्झसोबत वरचे कितीतरी सूर येतात आणि अर्थिंग चांगलं असूनही ते अडॅप्टरमधून आत शिरतात. प्युअर साइन वेव्हचा घ्यायचा म्हणजे आठ-दहा हजार.

शेतावरचा फवारणीचा पंप या दिवसांत रिकामा असतो, त्याची बॅटरी १२ व्होल्ट ८ ॲम्पियर-अवरची. माझे प्रीॲम्प आणि हेडफोन ॲम्प दोन्ही १२ व्होल्ट डीसीवर चालतात (मागं लिहिलेलं वाचून घ्या, काही एसीवर चालतात, आणि प्लस-मायनस मीटरनं तपासा). १ ॲम्पियरचा फ्यूज घालून दोन पिना काढल्या, १२० रुपये. एकदम शांत. आधी टर्नटेबलची मोटरही त्याच बॅटरीला जोडली होती तर मार्चमधली शिट्टी परत आली, म्हणून मोटर अडॅप्टरवर आणि आवाजाचं सगळं बॅटरीवर. दोन्ही मिळून अर्धा ॲम्पियरही लागत नाही, रात्रीच्या ऐकण्याला बॅटरी पुरून उरते, दिवसा पंपाच्याच चार्जरवर लावायची.

१८ मे

गेल्या आठवड्यात लाईटवर ऐकताना हम थोडा परत आला होता. खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या, दुसऱ्या दिवशी गेला. आता उन्हाळाभर दर आठवड्याला पाणी.

एकूण खर्च १५,२९०, हेडफोन आधीचाच, बॅटरी पंपाची.

राहिलेलं काम: माळ्यावर पत्र्याखाली राहून वाकलेल्या चार रेकॉर्डी सहा मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये दाबून आतल्या खोलीत ठेवल्यात. उन्हात ठेवायचा सल्ला मिळाला होता पण इथल्या मेच्या उन्हात काचेखाली किती तापेल याचा भरवसा नाही, म्हणून नुसतं वजन आणि वेळ. पावसाळा लागल्यावर उघडून बघणार आणि इथंच लिहिणार. बाकीच्या सगळ्या लोखंडी कपाटात उभ्या लावल्या, आडव्या एकावर एक ठेवायच्या नाहीत. टर्नटेबलच्या झाकणाची एक बिजागरी तुटलेली आहे, ती मिळाली की तेवढं झालं.